सुट्टीच्या दिवशी वाजणारा फोन

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सन २००० च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतला शिकागोचा ओहेअर विमानतळ म्हणजे युनायटेड एअरलाइन्सचे माहेरघर. तिकडे मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत शाळांना सुट्ट्या असतात, कुटुंबेच्या कुटुंबे प्रवासाला निघतात. त्या वर्षी अशीच निघालेली माणसे विमानतळावर बॅगा उशाला घेऊन बसून राहिली. फलकावर एकामागून एक उड्डाणे रद्द होत होती. त्या मोसमात युनायटेडची हजारो उड्डाणे रद्द झाली किंवा रखडली. कंपनीचे प्रमुख जेम्स गुडविन यांना शेवटी दूरचित्रवाणीवर जाहिरात देऊन प्रवाशांची माफी मागावी लागली.

हवामान वाईट होते, आकाशात गर्दी झाली होती, हे खरेच. पण मुख्य कारण वेगळे होते. वैमानिकांनी संप पुकारलेला नव्हता. नेमून दिलेल्या पाळ्या ते करत होते. बंद झाली होती ती एकच गोष्ट. सुट्टीच्या दिवशी कंपनीचा फोन आला की "येतो" म्हणायचे, ते त्यांनी थांबवले होते. जादा काम नको, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि एवढ्या एका नकाराने जगातली त्या वेळची एक बलाढ्य विमान कंपनी मेटाकुटीला आली.

आता प्रश्न असा. कामगार संघटना आणि कंपनी यांच्यात वाटाघाटी अडल्या आहेत. अशा वेळी संघटनेचा सभासद असलेल्या वैमानिकाने आपल्या खुशीने जादा उड्डाणे करावीत का? केली तर तो आपल्याच माणसांशी दगा करतो का? आणि नाही केली, तर तो प्रवाशांना वेठीला धरतो का? वरवर पाहता हा परदेशातल्या भरपूर पगार घेणाऱ्या लोकांचा प्रश्न वाटेल. पण ज्याने कधी साहेबाच्या आग्रहावरून रविवारी कामावर जायचे की नाही याचा विचार केला आहे, त्याला तो परका वाटणार नाही.

जादा काम म्हणजे नेमके काय?

आधी हे काम कसे चालते ते पाहू. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत वैमानिकाचा पगार मुख्यतः उड्डाणाच्या तासांवर ठरतो. महिन्याला साधारण सत्तर-पंचाहत्तर तासांच्या मोबदल्याची हमी असते. तास ऐकायला थोडे वाटतात, पण त्यात विमानतळावर ताटकळण्याचा, परगावी हॉटेलात काढलेल्या रात्रींचा हिशेब धरलेला नसतो. दर महिन्याला पाळ्यांची यादी निघते. सेवाज्येष्ठतेप्रमाणे जो तो आपली पाळी निवडतो. सर्वांत जुन्या माणसाला हवे ते मिळते, सर्वांत नव्याला उरलेले. याशिवाय काही वैमानिक राखीव असतात. कुणी आजारी पडले, कुठे वादळाने विमान अडकले, की त्यांना बोलावले जाते.

राखीव माणसेही संपली की मग कंपनी सुट्टीवर असलेल्यांना विचारते. त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त दर मिळतो. डेल्टा या कंपनीत अशा जादा कामाला ‘ग्रीन स्लिप’ म्हणतात. वैमानिक आपण होऊन तयारी दाखवतो, आणि त्याला दुप्पट मोबदला मिळतो. अर्थात कितीही पैसे दिले तरी कायद्याची मर्यादा ओलांडता येत नाही. वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही, आणि दिवसाचे, आठवड्याचे, महिन्याचेही हिशेब वेगळे असतात. म्हणजे जादा काम हे बेकायदा काम नव्हे. ठरलेली पाळी आणि कायद्याची कमाल मर्यादा यांच्यामध्ये जी थोडी जागा उरते, तिच्यातले हे काम.

कंपनीला ही जागा फार प्रिय असते. याचे कारण साधे आहे. नवा वैमानिक घ्यायचा तर त्याच्या प्रशिक्षणाला काही महिने आणि बराच पैसा लागतो. त्याला विमा, निवृत्तिवेतन, रजा सगळे द्यावे लागते. वर्षातले दोन-तीन महिने गर्दीचे, बाकी वर्ष बेताचे. मग गर्दीच्या महिन्यांसाठी बारमाही माणूस कशाला पोसायचा? त्यापेक्षा असलेल्या माणसालाच दुप्पट दर देऊन बोलावलेले स्वस्त पडते. पुन्हा एका जातीच्या विमानाचा परवाना असलेला वैमानिक लगेच दुसऱ्या जातीचे विमान चालवू शकत नाही. त्यामुळे एका विभागात माणसे शिल्लक आणि दुसऱ्यात तुटवडा, असे होतच राहते. हळूहळू जादा काम ही अडीअडचणीची सोय राहत नाही, वेळापत्रकच त्याच्या भरवशावर आखले जाते.

मुंबईकरांना हे समजायला फार लांब जायला नको. १० फेब्रुवारी २०२४ चा शनिवार आठवा. मध्य रेल्वेचे मोटरमन आपल्या एका सहकाऱ्याच्या अंत्यसंस्काराला गेले, जादा पाळी करायला माणसे उरली नाहीत, आणि संध्याकाळी लोकल गाड्यांवर गाड्या रद्द झाल्या. फलाटावर तुडुंब गर्दी झाली. आपण ज्या वेळापत्रकाकडे पाहून घड्याळ लावतो, ते कुणाच्या तरी जादा पाळीवर उभे आहे, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा कळले. विमानाचेही असेच असते.

‘येतो’ म्हणणाऱ्याची बाजू

वादाच्या काळात जादा काम करणाऱ्या वैमानिकाची बाजू आधी ऐकू. तो म्हणेल, करारात हे काम ऐच्छिक आहे असे लिहिले आहे. ऐच्छिक म्हणजे माझ्या इच्छेवर. मला मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, घराचे हप्ते आहेत, मी सेवेत नवा असल्याने माझा पगार मोठ्या कॅप्टनच्या निम्माही नाही. मी संप फोडलेला नाही, कारण संपच झालेला नाही. आणि समोर दीडशे माणसे खोळंबली आहेत. त्यांच्यात कुणी आजारी आईला भेटायला निघाला असेल. त्यांचे आणि कंपनीचे भांडण नाही, मग त्यांना शिक्षा का?

हे बोलणे खोटे नाही. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. अमेरिकेत कॉन्टिनेंटल या कंपनीत १९८३ मध्ये वैमानिकांचा संप झाला. तो १९८५ पर्यंत चालला. त्या काळात संप मोडून विमाने चालवणाऱ्यांच्या याद्या वैमानिकांनी वर्षानुवर्षे जपल्या. संपफोड्यांशी कुणी बोलायचे नाही, विमानात शेजारच्या खुर्चीत बसला तरी कामापुरतेच बोलायचे, असा कडवटपणा राहिला. संपात काम करणे आणि वाटाघाटी चालू असताना जादा पाळी करणे, या दोन गोष्टी एका तागडीत टाकता येणार नाहीत. ज्याने फक्त सुट्टीच्या दिवशी विमान नेले, त्याच्या कपाळावर तोच शिक्का मारणे हा अन्याय आहे.

‘नाही’ म्हणणाऱ्याची बाजू

आता दुसरी बाजू. नाही म्हणणारा वैमानिक सांगेल, की वाटाघाटींच्या टेबलावर आमच्याकडे दुसरे आहे काय? युनायटेडचेच घ्या. १९९४ मध्ये तिथल्या वैमानिकांनी आणि इतर काही कर्मचाऱ्यांनी पगारकपात स्वीकारली आणि त्या बदल्यात कंपनीचे सुमारे ५५ टक्के समभाग घेतले. कर्मचारीच मालक झाले, असे तेव्हा कौतुकाने बोलले गेले. सहा वर्षे कमी पगारात गेली. एप्रिल २००० मध्ये कराराची मुदत भरली तेव्हा कंपनी नफ्यात होती, पण नवा करार काही होईना. उलट मे महिन्यात कंपनीने यूएस एअरवेज ही दुसरी विमान कंपनी विकत घेण्याची घोषणा केली. दोन कंपन्या एकत्र आल्या की सेवाज्येष्ठतेच्या दोन याद्या एकत्र होणार, आणि कुणाचा क्रमांक कुठे घसरेल सांगता येत नाही. वैमानिक चिडले यात नवल नव्हते.

अशा वेळी, तो म्हणेल, मी सुट्टीच्या दिवशी जाऊन विमान उडवले तर मी काय करतो? कंपनीने पुरेशी माणसे घेतली नाहीत, ती उणीव मी माझ्या विश्रांतीने बुजवतो. बाहेरून सगळे सुरळीत दिसते. मग व्यवस्थापन टेबलावर म्हणते, पाहा, करार नसला तरी सगळे नीट चालले आहे, घाई कसली? माझ्या जादा पाळीच्या पैशांत मी माझ्याच पगारवाढीला उशीर विकत घेतो.

आणि या बाजूचा सर्वांत जड मुद्दा यापुढे येतो. समजा कंपनीने शेकडो वैमानिकांना ले-ऑफ देऊन घरी बसवले आहे. अशा वेळी उरलेल्याने जादा पाळी करणे म्हणजे घरी बसलेल्या सहकाऱ्याच्या ताटातला घास उचलणे. शंभर जणांनी महिन्याला एकेक जादा फेरी केली, की कित्येक माणसांना परत बोलावण्याची गरजच उरत नाही. तंटा पगाराचा असो वा नसो, हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

कायदा काय म्हणतो?

इथवर हा नीतीचा प्रश्न वाटतो. पण अमेरिकेत तो कायद्याचाही आहे, आणि कायदा मोठा मजेशीर आहे. तिथे विमान कंपन्यांतल्या कामगार तंट्यांना रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये केलेला कायदा लागू होतो. १९३६ मध्ये विमानसेवा त्यात घातली गेली. रेल्वे बंद पडली तर देशाचा व्यापार बंद पडतो, म्हणून संप होताहोईतो होऊच नये, हा त्या कायद्याचा हेतू. त्यामुळे या क्षेत्रात कराराची मुदत संपली तरी करार संपत नाही. तो फक्त बदलाला खुला होतो. नवा करार होईपर्यंत दोन्ही बाजूंनी ‘जैसे थे’ स्थिती ठेवायची. सरकारी मध्यस्थ मंडळ वाटाघाटी करवते. मंडळाने आता मार्ग उरला नाही असे म्हटल्यावर आणखी ३० दिवस थांबायचे. त्यानंतरच संप करता येतो, आणि तेव्हाही राष्ट्राध्यक्ष हस्तक्षेप करू शकतात. हे सगळे व्हायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात.

आता या ‘जैसे थे’ मध्ये जादा काम येते की नाही? हा प्रश्न डेल्टा कंपनीच्या प्रकरणात ऐरणीवर आला. युनायटेडमागोमाग सन २००० च्या अखेरीस डेल्टाचे वैमानिकही जादा काम नाकारू लागले. कंपनी न्यायालयात गेली. करारात जादा काम ऐच्छिक आहे, मग ऐच्छिक काम नाकारले तर गुन्हा कसला, असा सरळ बचाव होता. कनिष्ठ न्यायालयाने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. पण जानेवारी २००१ मध्ये अटलांटातल्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाच्या निकालाचा मथितार्थ असा. एकट्या वैमानिकाने आपल्या कारणासाठी नाही म्हणावे, त्याला कुणाची हरकत नाही. पण वर्षानुवर्षे जे जादा काम होत आले ते सर्वांनी मिळून, दबाव आणण्यासाठी एकदम थांबवले, तर ‘जैसे थे’ स्थिती मोडते. आणि असे होत असेल तर ते थांबवण्यासाठी संघटनेने शक्य ते सर्व वाजवी प्रयत्न केले पाहिजेत, हे तिचे कायदेशीर कर्तव्य आहे.

पुढे २००८ मध्ये युनायटेडमध्ये पुन्हा तसेच झाले. कंपनीने मोठ्या प्रमाणावर वैमानिक कमी करायचे ठरवले होते. जादा काम नाकारण्याची आणि आजारपणाची रजा टाकण्याची लाट आली, शेकडो उड्डाणे रद्द झाली. शिकागोच्या केंद्रीय न्यायालयाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मनाई हुकूम दिला आणि २००९ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

म्हणजे गंमत पाहा. एकाने नाही म्हटले तर तो हक्क. दहा हजारांनी ठरवून नाही म्हटले तर तो कायदेभंग. मग त्या हक्काला अर्थ काय उरला, असे वैमानिक विचारतात. कामगाराची शक्ती मुळात एकीतच असते. एकट्याच्या नकाराने कंपनीला काहीच होत नाही. दुसरीकडे न्यायालयाचेही चूक म्हणता येत नाही, कारण सर्वांचा ठरवून दिलेला नकार हा नावाने नसला तरी परिणामाने संपच असतो, आणि संपापूर्वी पाळायच्या सगळ्या पायऱ्या त्याने चुकवलेल्या असतात. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग नाही. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. निर्णयाचे ओझे संघटनेच्या खांद्यावरून उतरून एकेकट्या वैमानिकावर आले. फोन वाजला की त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

आजारपणाचा बहाणा

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांच्या बातम्यांत तो पुसला जातो. जादा काम नाकारणे वेगळे आणि धडधाकट असताना आजारी असल्याचे कळवणे वेगळे. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दुसरी वाट धरली होती. कंपनीने रेनो एअर ही छोटी कंपनी विकत घेतली, तिच्या वैमानिकांना कमी पगारावर ठेवले, यावरून वाद होता. शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारी असल्याचे कळवले. काही दिवसांत सहा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. डॅलसच्या न्यायाधीशांनी कामावर परतण्याचा हुकूम दिला, तो लगेच पाळला गेला नाही, आणि न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल संघटनेला सुमारे साडेचार कोटी डॉलर भरण्याची शिक्षा झाली. आपल्याकडेही सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी अशीच सामूहिक आजारपणाची रजा टाकली होती. संघटना स्थापन करणाऱ्या सहकाऱ्यांना काढून टाकल्याचा त्यांना राग होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, पाच दिवस प्रवाशांचे हाल झाले, मग समझोता झाला.

त्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. रेनोच्या वैमानिकांना कमी पगार देणे किंवा संघटना काढणाऱ्याला घरी पाठवणे, या गोष्टी कुणालाही संताप आणणाऱ्याच. पण वैमानिकाच्या धंद्यात ‘मी आजारी आहे’ या शब्दांना एक वेगळे वजन आहे. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक छोटे प्रवासी विमान कोसळले, ५० माणसे गेली. त्यानंतर वैमानिकांच्या थकव्याची मोठी चर्चा झाली, आणि जानेवारी २०१४ पासून तिथे विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. पाळीपूर्वी किमान १० तासांची विश्रांती, त्यात सलग ८ तास झोपेची संधी. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाने आपण कामासाठी तंदुरुस्त आहोत हे स्वतः लेखी कळवायचे. डॉक्टर दर उड्डाणाला तपासत नाही. सारा डोलारा त्या एका माणसाच्या शब्दावर उभा आहे. मला झोप झालेली नाही, माझे डोके दुखते आहे, मी आज उडवणार नाही, असे वैमानिकाने म्हटले तर साहेबाने ते मुकाट ऐकले पाहिजे. पण तेच शब्द भांडणातले हत्यार झाले, तर साहेब उद्या खऱ्या आजाऱ्यावरही संशय घेईल. आणि संशयाला भिऊन एखादा खरोखर थकलेला माणूस विमान घेऊन वर जाईल. म्हणून खोटे आजारपण ही न ओलांडण्याची रेघ आहे.

जादा कामाला नकार देणाऱ्याला असे खोटे बोलावे लागत नाही. "आज माझी सुट्टी आहे, मी येणार नाही." हे वाक्य स्वच्छ आहे. त्याला कारण जोडावे लागत नाही.

जिंकले ते किती टिकले?

युनायटेडच्या वैमानिकांना त्या उन्हाळ्याने काय दिले, तेही पाहू. ऑगस्ट २००० च्या अखेरीस तडजोड झाली. पगारात ताबडतोब साडेएकवीस ते साडेअठ्ठावीस टक्के वाढ, आणि पुढे दरवर्षी आणखी. वैमानिकांच्या एका नेत्याने सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला होता, असे तेव्हा गाजले. कोंबडी मारायची नाही, पण सगळी अंडी मिळेपर्यंत तिची मान आवळून धरायची. हे बोलणे त्यांच्या विरोधकांनी पुढे अनेक वर्षे त्यांच्या तोंडावर मारले.

कारण पुढचे दिवस वाईट आले. धंदा मंदावला, ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, यूएस एअरवेजशी होऊ घातलेले विलीनीकरण त्याआधीच फिसकटले होते. डिसेंबर २००२ मध्ये युनायटेडने दिवाळखोरीचा अर्ज केला. वैमानिकांच्या पगारात मोठी कपात झाली. २००५ मध्ये निवृत्तिवेतनाच्या योजनाही बंद पडल्या. डेल्टाही त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. हे सगळे त्या नकारामुळे झाले असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. ज्या कंपन्यांत असा उन्हाळा झाला नाही, त्यांतल्याही काही बुडाल्या. पण एक धडा उरतोच. अडवणुकीच्या क्षणी मिळालेली वाढ त्या क्षणाइतकीच पक्की असते. आणि ज्या प्रवाशांच्या सुट्ट्या बुडाल्या, त्यांच्यातले फार थोडे वैमानिकांच्या कपातीच्या वेळी हळहळले असतील.

हिशेब मांडण्याची वाट

या कहाणीला एक पुढचा अध्याय आहे, आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो. कोरोनाच्या साथीत अमेरिकन कंपन्यांनी हजारो वैमानिकांना लवकर निवृत्ती दिली. २०२२ मध्ये प्रवासी एकदम परतले, वैमानिक मात्र पुरेसे नव्हते. डेल्टात कराराच्या वाटाघाटी रेंगाळल्या होत्या. या वेळी वैमानिकांनी जादा पाळ्या बंद केल्या नाहीत. त्यांनी त्या मोजल्या. जून २०२२ मध्ये त्यांच्या संघटनेने प्रवाशांना उद्देशून एक अनावृत पत्र काढले. त्यात म्हटले होते, की तुमच्या रद्द उड्डाणांबद्दल आम्हालाही वाईट वाटते, आम्ही सुट्ट्या सोडून उडतो आहोत, आणि याच गतीने गेलो तर शरद ऋतूपर्यंत आमचे या वर्षाचे जादा काम २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या मिळून झालेल्या जादा कामापेक्षा जास्त होईल. त्याच महिन्याच्या अखेरीस वैमानिक गणवेशात, फलक घेऊन, सुट्टीच्या वेळात विमानतळांबाहेर शांतपणे उभे राहिले. ऑक्टोबरात संपाला मंजुरी द्यावी का यावर मतदान झाले, तेव्हा ९९ टक्के कौल संपाच्या बाजूने पडला. संप करावा लागला नाही. मार्च २०२३ मध्ये नवा करार मंजूर झाला, चार वर्षांत मिळून पगारात तीस टक्क्यांहून अधिक वाढ देणारा.

वैमानिकांचा तुटवडा होता म्हणून हे जमले, हे मान्य. बाजार त्यांच्या बाजूने होता. पण फरक पाहा. सन २००० मध्ये रद्द उड्डाणांचा दोष वैमानिकांच्या माथी आला. २०२२ मध्ये तोच दोष वेळापत्रक आखणाऱ्यांकडे गेला. आपण किती जास्त राबतो ते आकड्यांत मांडले, की तोच जादा घाम मागणीचा पुरावा होतो. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांच्या वेळी इंडिगोची उड्डाणे एका दिवसात हजाराहून अधिक रद्द झाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनाही हाच प्रश्न पडला होता. नियम आधीपासून ठाऊक होते, मग माणसे का नव्हती?

मग करावे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाद चालू असताना वैमानिकाने खुशीने जादा उड्डाण करावे का?

मला असे वाटते, की सहकारी ले-ऑफवर घरी बसलेले असतील तर करू नये. तिथे आपली सुट्टी विकणे म्हणजे त्यांची नोकरी विकणे. आपण थकलेले असू तर कधीच करू नये, वाद असो वा नसो, दर दुप्पट असो वा तिप्पट. या दोन गोष्टी सोडल्या, तर प्रत्येकाने आपले आपण ठरवावे, आणि शेजाऱ्याने त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये. ऐच्छिक या शब्दाला दोन टोके आहेत. नाही म्हणणाऱ्याला साहेबाने धमकावू नये. तसेच हो म्हणणाऱ्याला सोबत्यांनी छळू नये. एका टोकाला जबरदस्ती आली की दुसरे टोकही तुटते. आणि नकार द्यायचाच तर तो सरळ द्यावा, आजारपणाच्या आड लपून देऊ नये.

संघटनेसाठी मात्र याहून मोठे काम आहे. कंपनीचे वेळापत्रक जादा पाळ्यांवर उभे असेल, तर त्या पाळ्यांचा हिशेब वर्षभर ठेवावा, लोकांपुढे मांडावा, आणि करारात लिहून घ्यावे की अमुक तासांहून जास्त जादा काम झाले तर कंपनीने नवी माणसे भरलीच पाहिजेत. वाद पेटल्यावर हे सुचून उपयोग नाही. ते शांततेच्या दिवसांत, दोन्ही बाजूंची डोकी थंड असताना करायचे काम आहे.

आणि आपण प्रवासी? आपलेही यात थोडे आहे. स्वस्त तिकीट आणि गच्च वेळापत्रक आपल्यालाच हवे असते. उद्या विमानतळावर उड्डाण रद्द झाल्याची सूचना ऐकू आली, तर समोरच्या कर्मचाऱ्यावर ओरडण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा. हे विमान कुणाच्या सुट्टीवर ठरवले होते?